‘हे नेमकं किती वाजता सुरू झालं?’ गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देण्याआधी डॉक्टर इतके प्रश्न का विचारतात?

सकाळचे सात वाजलेत. साठी ओलांडलेले एक गृहस्थ चहाचा कप उचलायला जातात आणि कप हातातून निसटतो. सून धावत येते, “बाबा, काय झालं?” ते काहीतरी बोलतात, पण शब्द कळत नाहीत. तोंड एका बाजूला ओढल्यासारखं दिसतं. शेजारी म्हणतात, लकवा आलाय, लगेच दवाखान्यात न्या.

हॉस्पिटलमध्ये पोहोचल्यावर इंजेक्शन, सलाईन सुरू होईल असं घरच्यांना वाटतं. तिथे आधी प्रश्न सुरू होतात.

“ताई, हे नेमकं किती वाजता सुरू झालं?”

“सकाळी, डॉक्टर.”

“सकाळी म्हणजे किती वाजता? ते अगदी व्यवस्थित होते असं तुम्ही शेवटचं कधी पाहिलं?”

मग पुढचे प्रश्न. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का? गेल्या काही महिन्यांत ऑपरेशन झालंय का? डोक्याला मार लागलाय? शौचाला काळी होते का? वजन किती?

बाहेर उभ्या असलेल्या माणसाला वाटू शकतं की पेशंट तळमळतोय आणि डॉक्टर चौकशा करत बसलेत. प्रत्यक्षात उपचाराचा सर्वांत महत्त्वाचा भाग तेव्हाच सुरू झालेला असतो. कारण जे इंजेक्शन द्यायचं आहे, ते योग्य माणसाला योग्य वेळेत मिळालं तर तो पुन्हा स्वतःच्या पायावर चालत घरी जाऊ शकतो. चुकीच्या माणसाला मिळालं तर जीवघेणा रक्तस्राव होऊ शकतो. यातला फरक बऱ्याचदा नातेवाइकांच्या उत्तरांवर ठरतो.

गुठळी बनते कशी आणि विरघळते कशी?

भाजी चिरताना बोट कापलं तर थोड्या वेळात रक्त आपोआप थांबतं. रक्तातल्या प्लेटलेट जखमेच्या तोंडाशी गोळा होतात. डेंगीच्या साथीमुळे हा शब्द आता घराघरात माहीत झाला आहे. त्यानंतर फायब्रिन नावाच्या प्रथिनाचे धागे त्यांच्याभोवती जाळं विणतात आणि गुठळी पक्की होते.

जखम भरली की हे जाळं काढून टाकायची सोयही शरीरातच आहे. रक्तात प्लाझमिनोजेन नावाचं प्रथिन फिरत असतं. ते एरवी झोपलेलं असतं. जागं झालं की त्याचं प्लाझमिन होतं आणि ते कात्रीसारखं फायब्रिनचे धागे कापतं.

अडचण येते ती नको त्या जागी गुठळी झाल्यावर. हृदयाच्या रक्तवाहिनीत झाली तर हार्ट अटॅक, मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकली तर स्ट्रोक म्हणजे लकवा, फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत जाऊन बसली तर पल्मनरी एम्बोलिझम. शरीराची कात्री हे काम करायला खूप वेळ घेते आणि तेवढा वेळ हातात नसतो. मेंदूची मोठी रक्तवाहिनी बंद झाली तर दर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात, असा अंदाज शास्त्रज्ञांनी मांडला आहे.

गुठळी विरघळवणारी औषधं, म्हणजे थ्रोम्बोलिटिक, प्लाझमिनोजेनला झटपट जागं करतात. स्ट्रेप्टोकायनेज, युरोकायनेज, अल्टेप्लेज, रेटेप्लेज आणि टेनेक्टेप्लेज ही त्यातली प्रमुख नावं.

मग ‘रक्त पातळ करणारी गोळी’ वेगळी का?

इथे अनेकांचा गोंधळ होतो, कारण बोलण्यात सगळ्यांनाच ‘रक्त पातळ करणारं औषध’ म्हटलं जातं. खरं तर हे तीन वेगळे गट आहेत.

पहिला गट अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलचा. ही औषधं प्लेटलेटना एकमेकींना चिकटू देत नाहीत. दुसरा गट हेपॅरिन, वॉरफॅरिन, अॅसिट्रोम, रिव्हारोक्साबान, अॅपिक्साबान यांचा. ही औषधं फायब्रिनचं जाळं विणण्याच्या प्रक्रियेत अडथळा आणतात. हे दोन्ही गट नवी गुठळी होऊ देत नाहीत किंवा असलेली वाढू देत नाहीत. तयार झालेली गुठळी ते स्वतः तोडत नाहीत.

तिसरा गट थ्रोम्बोलिटिकचा. तयार गुठळी तोडणारा हाच. तो गोळीच्या रूपात मिळत नाही. शिरेतून आणि हॉस्पिटलमध्येच द्यावा लागतो.

म्हणूनच लसूण, आलं, लिंबू आणि व्हिनेगरचा काढा प्यायल्यावर ‘ब्लॉकेज विरघळतं’ असं सांगणारे मेसेज धोकादायक ठरतात. तो काढा पिऊन कुणाला लगेच अपाय होईलच असं नाही. पण छातीत दुखत असताना काढा उकळण्यात गेलेला अर्धा तास परत मिळत नाही.

या औषधाला एक गोष्ट कळत नाही

मेंदूत अडकलेली घातक गुठळी आणि पोटातल्या अल्सरवर बसलेली उपयोगी गुठळी, यांतला फरक या औषधाला ओळखता येत नाही. अल्टेप्लेज आणि टेनेक्टेप्लेज मुख्यतः फायब्रिनला चिकटून काम करतात, त्यामुळे स्ट्रेप्टोकायनेजपेक्षा ती गुठळीवर अधिक नेमकी चालतात. पण फायब्रिन तर प्रत्येकच गुठळीत असतं. आठवड्यापूर्वी झालेल्या ऑपरेशनच्या जखमेतही असतं.

हे लक्षात घेतलं की डॉक्टरांचा प्रत्येक प्रश्न समजतो. अलीकडचं ऑपरेशन, डोक्याचा मार, पूर्वी मेंदूत झालेला रक्तस्राव, शौचातून काळं रक्त जाणं, रक्त पातळ करणारी गोळी या सगळ्यांचा अर्थ एकच असतो. शरीरात कुठेतरी अशी जागा असू शकते, जिथलं झाकण हे औषध उघडेल.

स्ट्रोकमध्ये आणखी एक मोठा धोका असतो. बहुतेक स्ट्रोक गुठळीमुळे होतात, पण काही मेंदूतली रक्तवाहिनी फुटल्यामुळे होतात. दोन्हींत हात लुळा पडतो, तोंड वाकडं होतं, बोबडी वळते. नुसतं बघून कितीही अनुभवी डॉक्टरला खात्रीनं फरक सांगता येत नाही. फुटलेल्या रक्तवाहिनीवर गुठळी विरघळवणारं औषध दिलं तर रक्तस्राव वाढतो. म्हणून सीटी स्कॅनशिवाय हे इंजेक्शन देत नाहीत. जिथे सीटी स्कॅन नाही अशा दवाखान्यात थांबून सलाईन लावण्यात वेळ घालवू नये, असं सांगतात ते याचसाठी.

रक्तातली साखरही लगेच तपासतात, कारण साखर खूप उतरली तरी लकव्यासारखी लक्षणं दिसतात. रक्तदाब १८५/११० च्या वर असेल तर तो आधी खाली आणतात आणि मगच औषध देतात.

वेळेचं गणित

स्ट्रोकमध्ये हे औषध लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. हा आकडा ऐकून ‘अजून वेळ आहे’ असं वाटू शकतं. पण साडेचार तास ही शेवटची मर्यादा आहे. पहिल्या तासात दिलेल्या औषधाचा फायदा चौथ्या तासातल्यापेक्षा बराच जास्त असतो.

घड्याळ कधीपासून मोजायचं, हा प्रश्न अनेकदा अवघड होतो. समजा, एखादी व्यक्ती रात्री दहाला झोपली आणि सकाळी सहाला उठली तेव्हा हात हलत नव्हता. घरच्यांच्या दृष्टीनं त्रास सहाला सुरू झाला. डॉक्टरांच्या दृष्टीनं घड्याळ रात्री दहापासून चालू आहे, कारण ती व्यक्ती ठीक असल्याचं तेव्हा शेवटचं दिसलं होतं. मात्र ती पहाटे चारला पाणी प्यायला उठली आणि नीट बोलली, हे कुणाला आठवलं तर गणित पूर्ण बदलतं. ती एक आठवण उपचाराचं दार उघडू शकते.

वेळ सांगता येत नसेल तरी सगळं संपलं असं नसतं. मोठ्या केंद्रांमध्ये एमआरआय किंवा विशेष स्कॅनवरून मेंदूचा किती भाग वाचवता येईल हे पाहतात. मोठी रक्तवाहिनी बंद असेल तर काही निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत तार घालून गुठळी बाहेर काढता येते. तिला थ्रोम्बेक्टॉमी म्हणतात.

हार्ट अटॅकचे नियम थोडे वेगळे आहेत. ईसीजीमध्ये ठरावीक बदल दिसणाऱ्या, म्हणजे रक्तवाहिनी पूर्ण बंद झालेल्या अटॅकमध्येच हे औषध देतात. ते १२ तासांपर्यंत देता येतं, पण पहिल्या दोन-तीन तासांत सर्वाधिक उपयोगी ठरतं. साधारण दोन तासांच्या आत तातडीची अँजिओप्लास्टी होऊ शकत असेल तर ती अधिक चांगली. कॅथलॅब दूर असेल, घाट किंवा खराब रस्ता आडवा असेल, तर जवळच्या रुग्णालयात इंजेक्शन घेऊन पुढे जाणं शहाणपणाचं ठरतं. इंजेक्शननंतरही अँजिओग्राफीसाठी मोठ्या हॉस्पिटलला जावंच लागतं. ‘इंजेक्शननं बरं वाटलं, आता घरी जाऊ’ ही मोठी चूक ठरू शकते.

जंतूपासून औषधापर्यंत

या औषधाची गोष्ट एका जंतूपासून सुरू होते. १९३३ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समध्ये विल्यम टिलेट यांना दिसलं की स्ट्रेप्टोकोकस जातीचे जंतू माणसाच्या रक्ताची गुठळी विरघळवतात. त्यातूनच पुढे स्ट्रेप्टोकायनेज आलं. १९८६ मध्ये इटलीत ११ हजारांहून जास्त हार्ट अटॅकच्या रुग्णांवर झालेल्या ‘गिसी’ अभ्यासात २१ दिवसांतलं मृत्यूचं प्रमाण १३ टक्क्यांवरून १०.७ टक्क्यांवर आलं. दोन वर्षांनी ‘आयसिस-२’ अभ्यासानं दाखवलं की स्ट्रेप्टोकायनेजच्या जोडीला साधी अॅस्पिरिन दिली तर फायदा आणखी वाढतो.

स्ट्रेप्टोकायनेज जंतूपासून येत असल्यानं शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. एकदा घेतलेल्या माणसाला ते पुन्हा दिलं तर काम न करण्याचा किंवा अॅलर्जी होण्याचा धोका असतो. जुना डिस्चार्ज पेपर जपून ठेवण्याचं हेही एक कारण.

भारताचाही यात वाटा आहे. चंडीगडच्या इन्स्टिट्यूट ऑफ मायक्रोबियल टेक्नॉलॉजीत डॉ. गिरीश साहनी यांच्या गटानं स्ट्रेप्टोकायनेज बनवण्याचं देशी तंत्र विकसित केलं आणि ते भारतीय कंपन्यांनी बाजारात आणलं. टेनेक्टेप्लेज पुण्याच्या हिंजवडीतली जिनोव्हा कंपनी बनवते.

सही करताना काय समजून घ्यायचं?

स्ट्रोकच्या रुग्णाच्या नातेवाइकांपुढे संमतीचा कागद येतो तेव्हा विचाराला जेमतेम काही मिनिटं असतात. कागदावर लिहिलेलं असतं की मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. हात थरथरणं साहजिक आहे.

इथे १९९५ चा ‘एनआयएनडीएस’ अभ्यास उपयोगी पडतो. तीन तासांच्या आत आलेल्या ६२४ रुग्णांवर तो झाला. अल्टेप्लेज मिळालेल्या १०० पैकी साधारण ३९ जण तीन महिन्यांनी जवळपास पूर्ववत होते. औषध न मिळालेल्यांत हे प्रमाण २६ होतं. म्हणजे दर शंभरात १३ माणसं जास्त बरी झाली. दुसऱ्या बाजूला, मेंदूत गंभीर रक्तस्राव औषध मिळालेल्या शंभरात सुमारे सहा जणांना झाला, न मिळालेल्यांत एकापेक्षा कमी जणांना. हा धोका धरूनही तीन महिन्यांनंतरच्या मृत्यूंचं प्रमाण औषध मिळालेल्या गटात वाढलं नाही.

हार्ट अटॅकमध्ये हेच औषध दिल्यावर मेंदूत रक्तस्राव होण्याचं प्रमाण बरंच कमी, साधारण शंभरात एक किंवा त्याहून कमी असतं.

या आकड्यांतून दोन गोष्टी कळतात. पहिली, सही न करणं हा ‘सुरक्षित’ पर्याय नाही. औषध न देण्याचाही परिणाम असतो, तो फक्त कागदावर लिहिलेला नसतो. दुसरी, सगळं नियमानुसार करूनही काही रुग्णांत रक्तस्राव होतो. तेव्हा ‘इंजेक्शननं मारलं’ असं लगेच ठरवणं योग्य नाही. निर्णय बरोबर होता का, हे परिणामावरून नाही, तर त्या वेळी हातात असलेल्या माहितीवरून ठरतं. ती माहिती मोठ्या प्रमाणात घरच्यांनीच दिलेली असते.

सही करण्याआधी तीन प्रश्न जरूर विचारा: या रुग्णात फायदा किती अपेक्षित आहे? रक्तस्रावाचा धोका वाढवणारं काही सापडलंय का? रक्तस्राव झाला तर इथे काय सोय आहे?

वजन आणि नाव, दोन्ही अचूक हवं

या औषधाची मात्रा वजनावर ठरते. स्ट्रोकमध्ये अल्टेप्लेज दर किलोला ०.९ मिलिग्रॅम आणि जास्तीत जास्त ९० मिलिग्रॅम देतात. म्हणजे ६० किलोच्या रुग्णाला ५४ मिलिग्रॅम. त्यातला दहावा भाग मिनिटभरात, उरलेलं तासाभरात. टेनेक्टेप्लेज मात्र एकाच वेळी शिरेत सोडतात आणि स्ट्रोकसाठी त्याच रुग्णाला ते १५ मिलिग्रॅम लागतं.

खरी गोम पुढे आहे. त्याच ६० किलोच्या माणसाला हार्ट अटॅक आला असता तर टेनेक्टेप्लेजची नेहमीची मात्रा ३५ मिलिग्रॅम झाली असती, म्हणजे दुपटीहून जास्त. एकच औषध, एकच माणूस, पण आजार बदलला की मात्रा बदलते. शिवाय अल्टेप्लेजला ‘टीपीए’ आणि टेनेक्टेप्लेजला ‘टीएनके’ म्हणण्याची सवय असल्यानं घाईत एकाच्या जागी दुसरं दिलं जाऊ शकतं. म्हणून औषध-सुरक्षेचे तज्ज्ञ सांगतात की संक्षेप टाळा, पूर्ण नाव लिहा आणि दोन जणांनी मात्रा तपासूनच इंजेक्शन द्या. घरच्यांनी वजन अंदाजानं फुगवून सांगू नये. माहीत नसेल तर तसंच सांगावं.

पुढचे २४ तास

औषध शरीरात गेलं की काम संपत नाही. पहिले दोन तास दर १५ मिनिटांनी, पुढचे सहा तास दर अर्ध्या तासानं आणि मग २४ तास पूर्ण होईपर्यंत दर तासाला रक्तदाब आणि रुग्णाची अवस्था तपासतात. स्ट्रोकमध्ये रक्तदाब १८०/१०५ च्या खाली ठेवावा लागतो. या काळात साधारणपणे अॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी इतर औषधंही देत नाहीत. २४ तासांनी पुन्हा स्कॅन करून मग ती सुरू करतात. त्यामुळे ‘गोळी द्यायला विसरले का?’ अशी शंका आली तर नर्सला विचारा, पण स्वतःजवळची गोळी देऊ नका.

रुग्णाजवळ बसलेल्या माणसाची नजर इथे उपयोगी पडते. अचानक तीव्र डोकेदुखी, उलटी, नव्यानं अशक्तपणा, झापड, हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त, जीभ किंवा ओठ सुजणं यातलं काहीही दिसलं तर त्याच क्षणी नर्सला हाक मारा. रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांत जीभ सुजण्याचा धोका जास्त असतो. दाढी करणं, जोरात दात घासणं, कंबरेत इंजेक्शन देणं या काळात टाळतात. गिळता येतंय का हे तपासल्याशिवाय चहा किंवा पाण्याचा घोटही देऊ नये. तो श्वासनलिकेत जाऊ शकतो.

घरातून निघताना काय करायचं, काय नाही?

चेहरा वाकडा, हात लुळा किंवा बोलणं अडखळतंय, यातलं एक जरी अचानक दिसलं तर आधी घड्याळ बघा आणि वेळ मोबाइलमध्ये लिहून ठेवा. महाराष्ट्रात १०८ वर फोन करा. जवळ सीटी स्कॅनची सोय कुठे आहे ते विचारा आणि थेट तिथे जा.

चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाकून सोबत न्या. नावं आठवत बसू नका. जुने कागद असतील तर तेही घ्या. रुग्णाला शेवटचं ठीक पाहिलेली व्यक्ती सोबत हवी, नसेल तर तिचा फोन नंबर हवा.

लकव्याची शंका असेल तर घरी अॅस्पिरिन देऊ नका, कारण रक्तवाहिनी फुटलेली असू शकते. रक्तदाब जास्त दिसला म्हणून जास्तीची गोळीही देऊ नका. सुईनं बोटं टोचून रक्त काढल्यावर स्ट्रोक थांबतो, हा फिरणारा मेसेज खोटा आहे. छातीत दुखत असेल तर फोनवर डॉक्टरांना विचारून अॅस्पिरिन चावून खाता येते. इथे दोन्ही आजारांचा नियम उलट आहे. वाटेत कुठल्या दवाखान्यात इंजेक्शन घेतलं असेल तर ते लपवू नका. दारू, पडणं, आधीची शस्त्रक्रिया यांपैकीही काही लाजेनं लपवू नका.

आज करता येण्यासारखं कामही आहे. घरातल्या ज्येष्ठांच्या गोळ्यांची नावं, वजन, अॅलर्जी आणि झालेली ऑपरेशनं एका कागदावर लिहा. त्याचा फोटो घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये ठेवा. डॉक्टर जेव्हा घाईघाईनं प्रश्न विचारतील, तेव्हा त्यांची बरीचशी उत्तरं तयार असतील. मग फक्त एकच उत्तर घड्याळाकडे बघून द्यायचं राहील: हे नेमकं किती वाजता सुरू झालं?